दोन किलोमीटरचं बंगळूर

बंगळूरमध्ये मराठी माणसं किती आहेत हे बघायचं असेल तर शुक्रवारी रात्री आनंद राव सर्कलला जावं. कोल्हापूर, सांगली, पुणे, सोलापूर अशा पाट्या लावलेल्या स्लीपर गाड्या एकामागून एक येत असतात आणि पाठीला लॅपटॉप, हातात म्हैसूरपाकाचा डबा अशी मंडळी फोनवर क्लीनरशी वाद घालत असतात, "अहो, पाच मिनिटं म्हणून अर्धा तास झाला, गाडी आहे कुठं?" आम्हा मिरजकरांची सोय त्याहून जुनी, राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस. रात्री मॅजेस्टिकला बसायचं, शनिवारी दुपारी मिरजेत उतरायचं, आईच्या हातचं जेवून ताणून द्यायची आणि रविवारी दुपारी परत तीच गाडी. सोमवारी पहाटे उतरलं की आंघोळ करून थेट पीण्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात. मी तिथं क्वालिटीत आहे, दिवसभर व्हॉल्व्ह तपासते. नवीन होते तेव्हा माझे बहुतेक शनिवार-रविवार असे रुळांवरच गेले. माझ्या लेखी बंगळूर सोमवारी उघडायचं आणि शुक्रवारी बंद व्हायचं.

ज्या आठवड्यात मी गावी जात नसे, त्या आठवड्यात गावाकडून कुणीतरी येत असे. मग विधानसौध, इस्कॉन, लालबाग, कमर्शियल स्ट्रीट. पाहुणे फारच उत्साही असले तर नंदी हिल्स. १,४७८ मीटर उंचीवरून सूर्योदय बघायला पहाटे साडेतीनला उठायचं आणि वर पोचल्यावर ढगात उभं राहून एकमेकांना विचारायचं, उगवला का? त्यात परतीच्या वाटेवर ट्रॅफिक. अशा शनिवार-रविवारनंतर सोमवारी कारखान्यात गेलं की खुर्चीत बसून जरा बरं वाटायचं.

गेल्या जानेवारीत मात्र गावी गेले नाही आणि पाहुणेही कुणी नव्हते. पुढच्याच आठवड्यात संक्रांत होती, तेव्हा मी मिरजेला जाणारच होते. आईला फोन केला तर म्हणाली, "मग तिथं एकटी काय करणार गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही, आई."

तिला ते पटलं नाही. तिच्या हिशेबात सुट्टीच्या दिवशी माणूस एक तर घरी असतो, नाहीतर आजारी.

एकटी मी नव्हते. आमचं चौघांचं टोळकं आहे. एक नागपूरकर. तो व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि बंगळुरातली प्रत्येक गोष्ट नागपूरच्या तराजूत घालून बघतो. दुसरी अलिबागची. तिला आम्ही डॉक्टरीणबाई म्हणतो, कारण तिची पीएच.डी. झालीय. ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कसल्याशा प्रथिनांवर काम करते. ही संस्था १९०९ पासून आहे, पण रिक्षावाल्याला ते नाव सांगून उपयोग नाही, 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हटलं की लगेच मीटर टाकतो. टाकलाच तर. आणि तिसरी अक्का. जन्म मल्लेश्वरममधला, शाळा मल्लेश्वरममधली, नोकरी बँकेत आणि तीही शाखा मल्लेश्वरममध्येच. आमच्यापेक्षा थोडी मोठी म्हणून अक्का. मराठी तिला आमच्या भांडणांमुळे समजायला लागलं. उत्तर कन्नड आणि हिंदीच्या मिसळीत देते.

नियम अक्काचाच. शनिवार-रविवारी बंगळूर दोन किलोमीटरचं. त्यापलीकडे जायचं तर मेट्रोनं, आणि मेट्रो जात नसेल तर त्या जागेचं नावच काढायचं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा आळशीपणा वाटला होता. आता वाटतं, या शहरात शहाणपणा तो एवढाच. इथं लोक कोरमंगलाला जेवायला, इंदिरानगरला कॉफी प्यायला आणि जयनगरला मित्राकडे जातात आणि सुट्टीचा निम्मा दिवस सिग्नलला काढून 'बंगळूर राहण्यासारखं राहिलं नाही' म्हणतात. म्हणून नागपूरकर शुक्रवारी रात्रीच पर्पल लाइननं मॅजेस्टिकला येतो, तिथं ग्रीन लाइन पकडतो आणि पाठीवरची सॅक माझ्या मल्लेश्वरमच्या घरी, हॉलमध्ये टाकून गादीवर आडवा होतो. त्याच्या या येण्याला घरमालक काकांनी आधी भुवया उंचावल्या होत्या. डॉक्टरीणबाई माझ्याबरोबरच राहते हे कळल्यावर, शिवाय नागपूरकरानं त्यांचा टीव्ही दुरुस्त करून दिल्यावर, त्या भुवया जागेवर आल्या.

शनिवारची सुरुवात वीणा स्टोअर्सला. मार्गोसा रोडवरचं हे एवढंसं दुकान. बसायला जागा नाही, सगळे फुटपाथवर उभे. इडली-वड्याची ताटली घ्यायची आणि लावलेल्या एखाद्या स्कूटरच्या सीटवर ठेवून खायची. स्कूटरवाला आला की ताटली उचलायची, त्यानं मान डोलवायची, कुणी काही बोलत नाही. इडली इतकी मऊ की चमच्यानं उचलताना मोडते आणि चटणी मागाल तितकी. जानेवारीत सकाळी गारठा असतो. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर असल्याचा हा फायदा. लोक कानटोप्या घालून उभे असतात आणि इडलीच्या वाफेनं चष्मे धुरकट होतात. नागपूरकर दर खेपेला दोन इडल्या, एक वडा, वर खारा बाथ, म्हणजे तिखट उप्पिट, एवढं सगळं संपवून म्हणतो, "छान आहे, पण तर्री कुठाय?" तर्री-पोह्यांशिवाय सकाळ झाली असं तो मानत नाही. मग कॉफी बाय-टू. एक कॉफी, दोन पेले. चौघांत दोन कॉफ्या पुरतात आणि हवी असली तर पुन्हा घेता येते. आम्ही पुन्हा घेतो.

सीटीआर हॉटेल तिथून जवळच आहे, पण शनिवारी सकाळी तिथल्या बेन्ने मसाला डोशाच्या रांगेत उभं राहायला अक्का नाही म्हणते. तिचं म्हणणं, तो डोसा मंगळवारी संध्याकाळी चार वाजता खायचा पदार्थ आहे. बाहेरून कुणी आलं आणि एकच सकाळ हातात असली तर मी मात्र त्याला तिथंच नेईन. दाराशी नाव सांगायचं, अनोळखी माणसांच्या टेबलावर जागा मिळेल तिथं बसायचं, आणि बाहेरून गडद कुरकुरीत, आत लोणी मुरलेला डोसा मुकाट्यानं खायचा.

नंतर मेट्रोनं कब्बन पार्क. शनिवारी सकाळी तिथं झाडांखाली लोक चटया अंथरून नुसते वाचत बसतात. २०२३ पासून या प्रकारानं चांगलाच जोर धरलाय. नोंदणी नाही, वर्गणी नाही, चर्चा नाही, कुणी पुस्तकाबद्दल विचारतही नाही. यायचं, बसायचं, वाचायचं, उठायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला जरा नाटकी वाटलं होतं, घरी वाचता येत नाही का? येत नाही, हे खरं उत्तर. घरी फोन असतो, कपडे वाळत घालायचे असतात, दूध उतू जातं. इथं शेजारची अनोळखी बाई दोन तास मान वर न करता वाचतेय म्हटल्यावर आपल्यालाही लाज वाटून पान उलटावं लागतं.

मी दिवाळी अंक नेला होता. जानेवारीत दिवाळी अंक वाचण्यात वेगळं सुख आहे. जाहिराती शिळ्या झालेल्या असतात, वार्षिक राशिभविष्यातले पहिले दोन महिने पडताळून बघता येतात आणि कथा कुणी अजून सांगून टाकलेली नसते. डॉक्टरीणबाईनं कामाचा शोधनिबंध आणला होता, त्याबद्दल तिला अक्कानं नजरेनंच दम दिला. नागपूरकरानं इंग्रजी कादंबरी उघडली, तोंडावर ठेवली आणि घोरायला लागला. शांतता पाळायची असल्यामुळे त्याला उठवताही येईना.

आमच्या डोक्यावर गुलाबी टॅबेबुया फुललेला होता. या शहरात कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर कायम काहीतरी फुललेलं असतं. एकाचा बहर संपला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशा बेतानं झाडं लावणारा माणूस जर्मन होता, गुस्ताव क्रुम्बिगल. तो आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होता, १९०८ मध्ये लालबागेत आला आणि मग इथलाच झाला. १९५६ साली वारला तोही बंगळुरातच. नोकरीसाठी आला आणि राहून गेला. आनंद राव सर्कलवर उभ्या असलेल्या आमच्या लोकांना हे एकदा सांगायला हवं, पण ते त्या वेळी क्लीनरशी बोलत असतात.

दुपारी घरी येऊन दहीभात खाल्ला आणि झोपलो. झोप चांगली झाली.

संध्याकाळी आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्याला, बाजार. संक्रांत तोंडावर आल्यानं संपिगे रोडपासून उसाच्या मोळ्या उभ्या केलेल्या, एळ्ळु-बेल्लाच्या पुड्या, साच्यात पाडलेल्या साखरेच्या पांढऱ्या-गुलाबी आकृत्या. हत्ती, मोर, तुळशीवृंदावन, झालंच तर शिवलिंग. आपल्याकडे तिळगूळ, इथं तीळ, गुळाचे खडे, शेंगदाणे, खोबरं आणि डाळं एकत्र. फुलवाल्या बायका मोगरा-अबोली हातावर मोजून देत होत्या. गर्दी अशी की चालायचं म्हटलं तरी समोरच्याच्या मर्जीनं चालायचं. आम्हाला हव्या होत्या अवरेकाईच्या शेंगा.

अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्या-वालांच्या भाऊबंदांतली. डिसेंबर-जानेवारीत बंगळुरावर तिचं राज्य असतं. उप्पिटात अवरे, सारात अवरे, भातात अवरे, तळून मीठ-तिखट लावलेले अवरे, आणि हौशी लोक तर डोशातही घालतात. पण शेंगा कशाही घ्यायच्या नसतात. अक्का प्रत्येक टोपल्यापाशी थांबायची, मूठभर शेंगा उचलायची, चुरगळायची, नाकाशी न्यायची आणि पुढे सरकायची. तिला 'सोगडु' हवा होता. चांगल्या शेंगेला एक उग्र, तेलकट, हिरवा वास असतो, हाताला चिकटतो आणि साबणानंही लवकर जात नाही. तो वास नसेल तर शेंग बाहेरून पाणी मारून टवटवीत केलेली, असं तिचं मत. शेवटी एका अज्जीच्या ढिगापाशी ती थांबली. अज्जी गोणपाटावर बसली होती, शाल डोक्यावरून घेतलेली, समोर तराजू.

"सोगडु इदेया, अज्जी?" अक्कानं विचारलं.

अज्जीनं उत्तर न देता एक शेंग माझ्या तळहातावर घासली आणि माझाच हात माझ्या नाकाला लावला. विषय संपला. तीन किलो घेतल्या. मी माझ्या तोडक्या कन्नडात "स्वल्प जास्ती हाकी" म्हटलं तर अज्जी खुदकन हसली आणि दोन मुठी जास्त टाकल्या. हेच वाक्य अक्का म्हणाली असती तर एक शेंग मिळाली नसती, असं नंतर अक्काच म्हणाली.

शेंगांची पिशवी नागपूरकराच्या खांद्यावर देऊन आम्ही पंधराव्या क्रॉसकडे वळलो, काडु मल्लेश्वराच्या देवळात. काडु म्हणजे रान. आता रान कसलं, पण देवळाभोवती झाडं अजून भरपूर आहेत आणि पायऱ्या चढून गेलं की रस्त्यावरचे हॉर्न खाली राहतात. याच देवावरून मल्लेश्वरम. मिरजेहून येताना मला वाटायचं, आपण परमुलखात चाललोय, आणि घर मिळालं ते एकोजी भोसल्यांच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, ज्यांना व्यंकोजी म्हणून आपण तंजावरचे समजतो, त्यांनी या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. समोर रस्त्यापलीकडे नंदीतीर्थ. कित्येक वर्षं मातीखाली गाडलं गेलेलं हे कुंड १९९७ च्या सुमाराला खणताना वर आलं. नंदीच्या तोंडातून पाण्याची धार पडते ती खाली शिवलिंगावर. कुंडाच्या पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसलो, कुणाला कुठं जायचं नव्हतं. शेजारी एक कॉलेजातली मुलगी पायरीवर पाय सोडून बसून आईला फोनवर सांगत होती की ती लायब्ररीत आहे.

हा इतिहास मला शाळेत कळला नाही, घरमालक काकांनी सांगितला. काका भावसार आहेत. पूर्वज रंगारी-शिंपी. पिढ्या इथंच गेल्या, तरी घरात मराठी, आषाढीला उपवास, देव्हाऱ्यात विठोबा आणि नावापुढे राव. नवा मराठी भाडेकरू आला की ते दोन गोष्टी सांगतातच. पहिली, शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी मुलगा १९५० साली याच शहरात जन्मला, सिटी बसमध्ये कंडक्टर होता आणि पुढे रजनीकांत झाला. दुसरी, १६३८ मध्ये विजापूरकरांनी केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं, आणि १६८७ च्या सुमाराला एकोजींनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना विकायला काढलं. मध्येच मोगल येऊन बसले, तरी गाव शेवटी वोडेयरांकडेच गेलं.

"तीन लाख!" काका म्हणतात. "आज तेवढ्यात मल्लेश्वरममध्ये दोन खोल्यांचं डिपॉझिट होतं."

आमच्याकडून त्यांनी तेवढंच घेतलंय.

रात्री शेंगा सोलल्या. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं, चौघं चार बाजूंना. एवढ्या शेंगांतून दाणे किलोभर निघाले तर नशीब, हे अक्कानं आधीच सांगून ठेवलं होतं. शेंगेच्या पाठीवरची शीर ओढायची, अंगठ्यानं दाबायचं, दाणे खाली. किडका दाणा आला की डॉक्टरीणबाई तो वेगळा काढून निरखायची, त्यात तिचा वेळ जायचा. बोटं हळूहळू काळी-हिरवी झाली. सोलता सोलता विषय कुठून कुठं गेले. नागपूरकराच्या बॉसचा घटस्फोट, टाटा इन्स्टिट्यूटमधली माकडं, माझ्या आईनं बघून ठेवलेला इस्लामपूरचा मुलगा, अक्काच्या बँकेत रोज येऊन फक्त शिल्लक विचारणारे आजोबा. हातांना काम असलं की तोंडाला बंधन राहत नाही. हॉटेलात समोरासमोर बसून जे बोललं जात नाही ते शेंगा सोलताना बोललं जातं, कारण कुणी कुणाकडे बघत नसतं. इस्लामपूरच्या मुलाबद्दल मला नेमकं काय वाटतं ते मलाही त्याच रात्री कळलं. (नकार कळवला. आई आठवडाभर रुसली.)

दाणे पाण्यात भिजत घालून झोपलो.

रविवारी उशिरा उठलो. किती उशिरा ते विचारू नये. आता या सगळ्यातलं खरं काम होतं, दाणे पिचकायचं. भिजलेला दाणा अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि एका टोकाला चिमटायचा, की सालातून आतला कोवळा पोपटी दाणा सटकन बाहेर येतो. अशी सोललेली ती हितकिद अवरेबेळे. प्रत्येक दाणा वेगळा चिमटायचा. यंत्र नाही, युक्ती नाही. जोर जास्त लागला की दाणा उडतो. नागपूरकराचा पहिला दाणा टीव्हीवर, दुसरा अक्काच्या कॉफीत.

डॉक्टरीणबाई मात्र बाह्या सरसावून बसली. "हे काय, आमच्याकडे बिरड्याला कडवे वाल असेच सोलतात." अलिबागला वाल भिजवून, मोड आणून सोलतात, इथं ताजे हिरवे दाणे, एवढाच फरक. लहानपणी आजीनं तिला बसवून सोलायला लावल्याचा सगळा राग ती त्या दाण्यांवर काढत होती आणि आम्हा तिघांच्या मिळून होईल एवढा ढीग तिच्या एकटीसमोर झाला. अक्का आधी हसली, मग गंभीर झाली, मग तिनं वेग वाढवला. मल्लेश्वरमची मुलगी अवरे सोलण्यात अलिबागकडून हरते, हे तिच्या अम्माला कळलं तर घरात घेणार नाहीत. खालून काकू काहीतरी मागायला आल्या आणि न सांगता बसल्या. मग काकाही आले. काका दोन्ही हातांनी एकदम सोलतात. एका हातात एक दाणा, दुसऱ्या हातात दुसरा. शिंप्याची बोटं, म्हणाले.

मग सारू. फोनवर अक्काची अम्मा, स्पीकरवर. कांदा, लसूण, आलं, हिरवी मिरची तेलावर परतून घ्यायची, त्यात ओलं खोबरं, कोथिंबीर, खसखस, दालचिनी-लवंग आणि चमचाभर डाळं घालून गुळगुळीत वाटायचं. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, टोमॅटो, मग दाणे, मग वाटण. कुकर लावायचा नाही, हे अम्मानं तीन-तीनदा बजावलं. दाणे कोवळे असतात, दहा-पंधरा मिनिटांत शिजतात, शिट्टी झाली की पिठलं. उकळी आली तसा तो सोगडूचा वास जिन्यानं खाली गेला आणि समोरच्या घरातल्या आजींनी गॅलरीतून विचारलं, "अवरेबेळे सारा?" हो म्हटलं. म्हणजे एक वाटी तिकडे गेली.

भाताबरोबर सोपं होतं, पण काकूंनी ठरवलं, मुद्दे करायचे. नाचणीचे. पाणी उकळत ठेवलं, त्यात पीठ मधोमध ढिगासारखं ओतलं, हलवू दिलं नाही, मग लाकडी दांड्यानं असं काही घोटलं की पातेलं मी दोन्ही हातांनी आणि नागपूरकरानं पायानं धरलं. ओल्या हातानं गोळे वळले. मुद्दे चावायचे नसतात. तुकडा तोडायचा, सारात बुडवायचा आणि गिळायचा. हे नागपूरकराला सगळ्यांनी सांगितलं. त्यानं चावला. तो दाताला चिकटला, मग टाळ्याला, आणि पुढची काही मिनिटं तो बोलू शकला नाही. काका म्हणाले, या घरात एवढी शांतता पहिल्यांदाच.

मी गिळला. पहिल्या घासाला घसा नाही म्हणतो, दुसऱ्याला ऐकतो. सारू घट्टसर, तिखट, खोबऱ्याचं, आणि मध्येच दाणा दाताखाली आला की लोण्यासारखा विरतो. मी तीन वेळा वाढून घेतलं. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिला हॉलमध्ये पसरलेली सालं, जमिनीवर बसलेली सहा माणसं आणि नागपूरकराचं तोंड दिसलं.

"काही नाही करणार होतीस ना?"

"काही नाहीच करतोय."

आईनं काकूंशी बोलायला मागितलं. मिरजेचं मराठी आणि भावसारांचं मराठी यांची गाठ पडली. एकमेकींचं किती कळलं कोण जाणे, पण दोघी वीस मिनिटं बोलल्या आणि शेवटी आईनं मला सांगितलं, संक्रांतीला येताना त्या शेंगा घेऊन ये. राणी चेन्नम्मातून मी अवरेकाई नेणार. अख्ख्या डब्याला वास येणार.

संध्याकाळी पाय मोकळे करायला सॅंकी टॅंक. ज्या रिचर्ड सॅंकीनं १८७० मध्ये कब्बन पार्क आखलं, त्यानंच १८८२ मध्ये शहराच्या पाण्यासाठी हा तलाव बांधला. म्हणजे शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवशी आम्ही एकाच ब्रिटिश इंजिनिअरच्या जिवावर हवा खाल्ली. तलावाभोवती सगळं मल्लेश्वरम आणि सदाशिवनगर चालायला आलेलं असतं, बहुतेक सगळे एकाच दिशेनं. उलट दिशेनं चाललं की लोक रागानं बघतात. अक्का मुद्दाम उलट चालते, म्हणजे ओळखीचे सगळे समोरून भेटतात. तिच्या शाळेतल्या बाई, त्यांचे मिस्टर, बँकेतले शिल्लकवाले आजोबा. एका फेरीला त्यामुळे तास लागतो.

पुढच्या बेतावर तिथंच भांडण झालं. संक्रांतीनंतरच्या रविवारी नागपूरकराची पाळी, त्यानं वडाभात करायचा असं ठरलं होतं. आता तो अंग काढायला लागला.

"त्याला भिवापुरी मिरची लागते बे. इथं कुठं मिळते?"

"ब्याडगी घाल," अक्का म्हणाली.

नागपूरकर चालता चालता थांबला. मागचे लोक त्याच्यावर आदळले. "ब्याडगी? ब्याडगी रंगाला असते. तिखट कुठाय त्यात?"

"आमच्या अलिबागला..." डॉक्टरीणबाईनं सुरुवात केली.

"तुमच्या अलिबागला पांढरा कांदा पिकतो, मिरचीत बोलू नको."

हे मेट्रो स्टेशनपर्यंत चाललं. संपिगे रोडच्या गेटवर कार्ड टेकवताना तो म्हणाला, "ठीक आहे, आईला सांगतो पार्सल करायला."

"अर्धा किलो सांग," अक्का म्हणाली, "अम्मालाही लागेल."